शॉकअप घरी बदलायचे की गॅरेजात? मागच्या आणि पुढच्या जोडीचा हिशेब वेगळा

गाडीचे शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) स्वतः बदला आणि पैसे वाचवा, असं सांगणारे व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतात. तिथे मेकॅनिकच्या तासाचा दर इतका चढा असतो की मालापेक्षा मजुरीच जड जाते. सातारा-सांगलीकडे गणित उलटं आहे. लहान हॅचबॅकच्या पुढच्या जोडीचं बिल माउंट (शॉकअपचा वरचा रबरी टेकू) आणि बफर (दणका झेलणारं दांड्यावरचं रबर) धरून सहा-सात हजारांच्या घरात गेलं, तर त्यात साध्या गॅरेजची मजुरी हजार-बाराशेच्या आसपास असते. मागच्या जोडीची मजुरी त्याहून बरीच कमी. त्यातून जॅकस्टँड (उचललेली गाडी टेकवायचे आधार), गोट्यांचा (सॉकेटचा) संच आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) नव्याने घ्यायचा असेल, तर पहिल्या वेळी हातात काहीच उरत नाही.

तरीही घरी करण्यात अर्थ आहे, पण तो पैशांचा नाही. घाईच्या गॅरेजात फाटका बफर तसाच ठेवला जातो, बुशचा (सांध्यातल्या रबरी नळीचा) बोल्ट चाक लटकत असतानाच आवळला जातो, शॉकअपच्या दांड्याच्या नटावर सरळ एअर गन चालवली जाते. घरी हे सगळं नीट करता येतं. म्हणून आमचं मत सरळ आहे: मागचे शॉकअप हात चालत असतील तर घरी बदला, पुढच्यांची स्प्रिंग मात्र गॅरेजातच सोडवा. असं का, ते खाली येईलच.

स्प्रिंग काय करते, शॉकअप काय करतो

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगला आवरतो. स्पीडब्रेकरवरून चाक उतरलं की दबलेली स्प्रिंग उसळते आणि मोकळी सोडली तर पाच-सहा वेळा वरखाली होत राहते. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि दांड्याच्या टोकाला पिस्टन. पिस्टन हलला की तेलाला बारीक झडपांमधून वाट काढावी लागते. त्या अडथळ्यात उसळीची ताकद खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. पसरणी घाटातून उतरून आल्यावर शॉकअपची नळी हाताला गरम लागते ती याच कारणाने. आजकालच्या बहुतेक शॉकअपमध्ये तेलाबरोबर थोडा नायट्रोजनही भरलेला असतो, म्हणजे सततच्या धक्क्यांनी तेलाला फेस येऊन पकड सुटू नये. असा शॉकअप दाबून सोडला तर दांडा आपोआप बाहेर येतो. तो बिघाड नव्हे.

आता मुख्य फरक. स्विफ्ट, डिझायर, आय-ट्वेंटी अशा गाड्यांत मागच्या बाजूला स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. बोलेरोला मागे पाटे असतात आणि शॉकअप त्यांच्यापासून अलग. अशा ठिकाणी शॉकअप काढताना स्प्रिंगला हातही लावावा लागत नाही. पुढे मात्र स्ट्रट असतो: शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग दाबून चढवलेली, आणि ती दाबून धरणारा वरचा एकच नट. चालत्या गाडीत पुढची एक स्प्रिंग अडीचशे किलोच्या आसपास भार पेलते. चाक लटकवलं तरी ती पूर्ण सैल होत नाही. तो मधला नट कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) न लावता उघडला, तर माउंट आणि स्प्रिंग गोळीसारखे सुटतात. हात मोडणं, जबडा फुटणं हे यात खरोखर घडणारं आहे.

काही गाड्यांत मागेही स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. काम ठरवण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागेही तसं दिसलं, तर पुढचाच नियम मागे लागू.

खरंच शॉकअपच गेलाय का

खड्ड्यात 'खट खट' आवाज आला की लोक शॉकअप बदलायला निघतात. आवाजाचा दोष बहुतेक वेळा लिंक रॉडचा (वळणात गाडीचा कल आवरणाऱ्या बारला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा), लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या) बुशचा किंवा वरच्या माउंटचा असतो. लिंक रॉड काही शेकड्यांत येतो. जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना बोनेटखालून 'टंग' असा पीळ सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर ते माउंटचं बेअरिंग अडकल्याचं लक्षण. शॉकअप गेल्याची लक्षणं बहुतेक मुकाट्याने येतात: ब्रेक मारला की नाक जास्तच खाली जाणं, महामार्गावर उंचवटा ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलणं, मागे माणसं बसली की स्पीडब्रेकरवर बूड आपटणं, आणि टायरवर हात फिरवला तर ठरावीक अंतराने लागणारे खोलगट चट्टे. चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारत राहतं, त्याचे हे चट्टे.

कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा एका बाजूने खरी आहे. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. दोनदा-तीनदा हलली तर शॉकअप नक्की गेला. पण ती पास झाली म्हणून शॉकअप चांगला असं ठरत नाही. हाताने दाबताना दांडा सावकाश हलतो, तर खड्ड्यात तो कितीतरी वेगाने हलतो, आणि अर्धवट झिजलेला शॉकअप तिथे उघडा पडतो. तेल बघताना नळीच्या वरच्या भागावर पुसट ओलसरपणा आणि त्यावर बसलेली धूळ चालते. ओघळ खालपर्यंत आला असेल तर सील (दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी) गेलं.

सील जाण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे दांड्यावरचं फाटलेलं डस्ट कव्हर. पलूस-वाळव्याकडे उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती दांड्यावर उडते, वाळून चिकटते आणि दांडा आत जाताना सीलची कड घासून काढते. पन्नास-साठ रुपये वाचवायला जुनं कव्हर पुन्हा वापरलं, तर नव्या शॉकअपचंही तेच होणार.

किलोमीटरचा ठरलेला आकडा नाही. पन्नास हजारांनंतर दर सर्व्हिसिंगला नीट बघावं. रोज डांबरी महामार्गावर धावणारी गाडी लाखभर काढते, रोज शेतरस्त्याने जाणारी निम्म्यातच थकते.

दोन गोष्टी मात्र टाळा. एक, शॉकअप 'रिफिल'. सीलबंद नळी कापून किंवा भोक पाडून तेल भरतात आणि वेल्डिंग करून देतात. आतली झिजलेली झडप तशीच राहते, गॅस परत भरला जात नाही आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा येत नाही. दुसरी, स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर (दांड्यावरचे बफर वेगळे). गाडी उचलल्यासारखी दिसते, पण तेवढे वेढे काम करेनासे होतात, बाकीच्यांवर ताण येतो, आणि थकलेला शॉकअप आणखी ताठ झालेल्या स्प्रिंगला तर अजिबातच आवरू शकत नाही.

माल घेताना

शॉकअप जोडीनेच बदलायचे, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा, एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना आणि वळणात गाडी एका अंगाला कलते. चारही एकदम बदलायलाच हवेत असं नाही.

पुढचा डावा आणि उजवा बहुतेक गाड्यांत वेगळे असतात. दुकानदाराला गाडीचं नाव आणि साल न सांगता आरसी बुकातला चासी नंबर द्या, कारण एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेलचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे भाग निराळे निघतात. गॅब्रिएल, मोनरो यांचे किंवा गाडीच्या कंपनीचे जेन्युइन भाग घ्या. खोक्यावरचा पार्ट नंबर नळीवर ठोकलेल्या नंबरशी ताडून बघा, कारण नकली खोके बाजारात आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून शॉकअपसारख्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुकानात त्याआधीच्या छापील किमतीचा माल पडून असेल तर कमी झालेला कर धरून भाव मागा.

पुढच्या प्रत्येक बाजूला शॉकअपबरोबर माउंट, बेअरिंग, बफर, डस्ट कव्हर आणि नवे लॉकनट घ्यायचे. हे सगळं एकाच उघडण्यात बदलतं. चार महिन्यांनी माउंट वाजायला लागलं तर तीच मजुरी आणि तेच अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) पुन्हा. परदेशात स्प्रिंगसकट जुळवून आलेला तयार स्ट्रट मिळतो, तो आपल्याकडच्या लहान गाड्यांना सहजासहजी मिळत नाही.

गाडी वॉरंटीत किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल आणि शॉकअप गळत असेल, तर पाना उचलण्याआधी वॉरंटीची पुस्तिका वाचा. गळका शॉकअप फुकट बदलून मिळण्याची शक्यता असते आणि स्वतः उघडलेल्या कामावर कंपनी हात वर करते.

मागची जोडी घरी

जागा पक्की हवी. सांगलीकडच्या काळ्या मातीच्या अंगणात जॅक तिरका होऊन रुततो, साताऱ्यातल्या चढाच्या गल्ल्यांत गाडी सरकते. सिमेंटचा सपाट कोबा उत्तम. नसेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड लाकडी फळी. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. दोन-तीन टनी जॅकस्टँडची जोडी लागतेच. विटा, दगड किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक स्टँड म्हणून चालत नाहीत. ब्लॉक आधी तडा न दाखवताच चुरतो.

मागची चाकं उचलली की हँडब्रेक निकामी, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (पाचर) लावा. पाटण-कोयनेकडच्या पावसात राहिलेली गाडी असेल तर आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा.

चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग गाडी उचला, स्टँडवर टेकवा, चाक काढा. आता सगळ्यात महत्त्वाचं: बोल्टला हात लावण्याआधी ट्रॉली जॅक मागच्या बीमखाली (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली), त्या बाजूच्या स्प्रिंगच्या बुडाशी आणा आणि हलकासा उचलून धरा. चाक खाली किती लटकायचं हे शॉकअपच ठरवत असतो. तो काढला की बीम खाली पडतो, स्प्रिंग जागेवरून निसटते आणि सगळा भार ब्रेकच्या रबरी पाइपवर व एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरवर येतो.

वरचा नट काही गाड्यांत डिकीतल्या प्लास्टिक ट्रिमच्या आड असतो, काहींत चाकाच्या कमानीतच बोल्ट. नट असेल तर दांडा त्याच्याबरोबर फिरतो. दांड्याच्या टोकाला चपट्या बाजू किंवा अ‍ॅलन कीची खाच असते, तिथे धरून रिंग पान्याने नट सोडवायचा. चकचकीत दांडा पक्कडीत धरू नका. त्यावर उठलेला ओरखडा रोज सीलमधून जा-ये करतो आणि लवकरच गळती सुरू होते. खालचा बोल्ट बहुधा १४ किंवा १७ नंबरचा असतो. गंजून बुशच्या नळीत चिकटला असेल तर हातोड्याने ठोकून आटे चेपू नका. नट दोन-तीन फेरे परत चढवून त्याच्यावर ठोका.

नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतली हवा नको त्या जागी गेलेली असते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा सावकाश पूर्ण दाबा आणि पूर्ण सोडा. पहिल्या वेळी मध्ये पोकळ लागेल, नंतर दाब एकसारखा होईल. हे न केल्याने पहिले काही दिवस 'टक टक' येते आणि माल खराब निघाला म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात.

बसवताना वरचा नट आणि खालचा बोल्ट आधी हातानेच चढवा. खालच्या बोल्टचं शेवटचं आवळणं बीम जॅकने एवढा उचलून करायचं की स्प्रिंग गाडी उभी असताना दबते तेवढी दबेल. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि तो पीळ कायम राहून बुश लवकर फाटतं. बऱ्याच गॅरेजांतून नेमकं हेच सुटतं.

मग दुसरी बाजू. दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या करू नका. सवय नसलेल्या माणसाला दोन्ही मिळून दोन-अडीच तास धरावेत. या कामानंतर मागच्या बीमला अलाइनमेंट लागत नाही.

पुढची जोडी: निम्मं घरी, निम्मं गॅरेजात

ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारा दोन आकड्यांचा (हुकांचा) स्प्रिंग कंप्रेसर बघून मोह होतो. त्यात दोन स्क्रू समोरासमोर लावून आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं असतं. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा वेढ्यावरून घसरतो. स्वस्त संचातले आटे कधी जातील याचा नेम नाही. गॅरेजात भिंतीला किंवा स्टँडला पक्का केलेला हायड्रॉलिक कंप्रेसर असतो, तो स्प्रिंगला चहूबाजूंनी धरतो. एका स्ट्रटला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ज्या गॅरेजात असा कंप्रेसर नाही आणि मेकॅनिक साखळी किंवा तारेने स्प्रिंग बांधतो, तिथे गाडी देऊ नका.

मधला मार्ग असा: स्ट्रट घरी उतरवायचा, पोत्यात गुंडाळून दुचाकीवर गॅरेजात न्यायचा, स्प्रिंग नव्यावर चढवून आणायची आणि घरी बसवायचा. तेवढा वेळ गाडी स्टँडवरच. यासाठी बराच हात बसलेला हवा. नसेल तर पुढचं काम पूर्ण गॅरेजात देणं यात कमीपणा काही नाही.

उतरवताना क्रम असा. ब्रेक पाइपचा क्लॅम्प आणि एबीएस वायरची क्लिप सोडवा. लिंक रॉड स्ट्रटला असेल तर त्याचा नट काढा. लिंक रॉडच्या टोकाचा बॉलजॉइंट (गोळ्याचा सांधा) फिरत असेल तर त्याच्या टोकाला अ‍ॅलन कीने धरा. खालचे दोन जाड बोल्ट, बहुधा १७ किंवा १९ नंबरचे, काढण्याआधी नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) आणि स्ट्रटच्या पट्टीवर रंगाची रेघ ओढा. या भोकांत किंचित ढिलाई असते आणि तिच्यामुळे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर उभा कल) बदलतो. रेघ जुळवून बसवलं की निदान अलाइनमेंटपर्यंत गाडी सरळ चालते. बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या अंगाला कलंडतो. त्याला तारेने बांधून ठेवा, नाहीतर ब्रेक पाइप ताणतो आणि ड्राइव्हशाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटतो. तो निसटला की गिअरबॉक्सचं तेल जमिनीवर आणि दिवस गेला.

शेवटी बोनेटखालचे दोन किंवा तीन छोटे नट. शेवटचा नट काढताना स्ट्रट खालून दुसऱ्या माणसाने धरायचा. मधल्या मोठ्या नटाला गाडीवर असताना हात लावायचा नाही.

जोडणी गॅरेजात होत असताना तिथे उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. बेअरिंग उलटं बसता कामा नये. उलटं बसलं की स्टिअरिंग जड होतं आणि वळण घेतल्यावर चाकं आपणहून सरळ होत नाहीत. आणि मधला नट हाताच्या पान्यानेच आवळला पाहिजे. एअर गनने दांडा गरगर फिरतो आणि आतल्या पिस्टनला व सीलला मार बसतो.

बसवताना नकलचे बोल्ट लहान गाड्यांत साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, वरचे छोटे नट त्याच्या चौथ्या भागाएवढे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. लांब दांडा लावून अंगाचा भार टाकणं म्हणजे टॉर्क नव्हे.

अलाइनमेंट पुढच्या कामानंतर टाळता येत नाही. मशीनवरचा आधीचा आणि नंतरचा कागद मागून घ्या. बरेचदा फक्त टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळली आहेत ते) बघून सोडतात. कॅम्बर दोन्ही बाजूंचा सारखा आहे ना, हे स्वतः वाचा. तो एका बाजूला जास्त असेल तर नकलचे बोल्ट सैल करून चाक वरून आत किंवा बाहेर दाबून पुन्हा आवळायला सांगा.

गॅरेजात दिलं तर

भाव विचारताना 'शॉकअप बदलायचे किती' एवढंच विचारू नका. माउंट, बेअरिंग आणि बफर धरून किती, अलाइनमेंट त्यात आहे का, आणि जुने भाग परत देणार का, हे आधी ठरवून घ्या. माल तुम्ही आणून दिला तर बहुतेक गॅरेज काम करून देतात, पण नंतर आवाज आला की दोष मालाचा म्हणतात. माल त्यांचाच असेल तर जबाबदारी एकाच्याच गळ्यात राहते, त्यासाठी दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी चालतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरची मजुरी चढी असते, पण गाडीचा टॉर्क तक्ता आणि नेमका पार्ट नंबर तिथे हाताशी असतो.

काम झाल्यावर आधी ओळखीच्या खडबडीत रस्त्यावर हळू चालवून बघा, मग घाटात. नवा आवाज 'टक' असा एकेरी येत असेल तर लिंक रॉडचा किंवा वरचा नट सैल. वळवताना येत असेल तर स्प्रिंग पायरीवर बसलेली नाही. गाडी आधीपेक्षा थोडी ताठ वाटेल, ते बरोबर आहे. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट आणि स्ट्रटचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, आणि स्टिअरिंग टोकापर्यंत दोन्हीकडे वळवून ब्रेक पाइप टायरला किंवा स्प्रिंगला घासत नाही ना ते बघा. जुने शॉकअप भंगारात देताना आत गॅसचा दाब आणि तेल आहे हे सांगूनच द्या, कारण भंगारवाला ते थेट गॅस कटरने कापायला घेतो.